माल विकून झाला. आता भीतीची विक्री!

२२ सप्टेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने जीएसटीचे दर कमी केले. ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि एअर कंडिशनर यांच्यावरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. 'बचत उत्सव' म्हणून त्याचे ढोल वाजविण्यात आले आणि दुकानांच्या जाहिरातींनी पानेच्या पाने भरली. कर कमी झाला हे चांगलेच झाले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ही बचत गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत पोहोचते का, हा आमचा प्रश्न आहे. उदाहरणादाखल करापूर्वी २५ हजार रुपये किंमत असलेला एक मोठा टीव्ही धरू या. जुन्या दराने तो ३२ हजारांना पडत होता, नव्या दराने तो साडेएकोणतीस हजारांना पडतो. म्हणजे अडीच हजार रुपये वाचले. आता बिलाची खालची ओळ वाचा: 'एक्स्टेंडेड वॉरंटी, दोन वर्षे, ३,६०० रुपये'. सरकारने सोडलेले अडीच हजार तर दुकानाच्या गल्ल्यात गेलेच, वर अकराशे रुपये गिऱ्हाइकाने पदरचे घातले! वॉरंटीचा आकडा दुकानागणिक आणि वस्तूगणिक कमीजास्त होतो. प्रकार मात्र सगळीकडे तोच आहे.

हा प्रकार कसा चालतो, हे टीव्ही-फ्रीज घ्यायला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पहिला अर्धा तास विक्रेता वस्तूचे गुणगान गातो. ही कंपनी एक नंबर, हिची तक्रारच येत नाही, डोळे झाकून न्या. गिऱ्हाईक 'हो' म्हणते, बिल करण्यासाठी काउंटरवर येते आणि तिथून पुढे तोच विक्रेता त्याच वस्तूची निंदा सुरू करतो. "दादा, हल्ली मशीनचा काय भरवसा? पॅनल गेलं तर टीव्हीच्या निम्मे पैसे जातात. ताई, पीसीबी उडाला तर पाच-सहा हजार कुठून आणणार? दिवसाला पाच रुपये तर पडतात, चहा येत नाही तेवढ्यात." पाच मिनिटांपूर्वी जी वस्तू पोलादाची होती, ती आता काचेची झाली! यातले खरे कोणते? पहिले खरे असेल तर वॉरंटी कशाला हवी, आणि दुसरे खरे असेल तर असा माल दुकानात ठेवलाच कशाला?

एवढ्यावरही गिऱ्हाईक बधले नाही, तर मग भाषा बदलते. वॉरंटीशिवाय ऑफर लागू होणार नाही, कॉम्प्युटरमध्ये ती घ्यावीच लागते, फायनान्स पास होणार नाही, डिलिव्हरीला आठ दिवस लागतील. काही ठिकाणी तर विचारतच नाहीत. हप्त्यात रक्कम मिसळून टाकतात आणि 'महिना इतके पडतील' एवढेच सांगतात. घरी गेल्यावर शिकलेल्या मुलाने बिल वाचले तर कळते, नाहीतर कळतही नाही.

ही बळजोरी सगळ्यांवर सारखी होत नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्याच्या घरात तीन टीव्ही आहेत त्याचा एक बिघडला तर तो दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. त्याला भीती दाखवून उपयोग नसतो. परंतु महापालिकेत कंत्राटावर झाडू मारणारा कामगार, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, बांधकामावरचा गवंडी यांच्या घरात येणारा फ्रीज हा त्या घराण्यातला पहिला फ्रीज असतो. दोन वर्षे भिशी लावून किंवा दहा महिन्यांचे हप्ते अंगावर घेऊन तो येतो. तो बंद पडला तर दुसरा येणार नाही, हे त्या घराला ठाऊक असते. विक्रेत्यालाही ते ठाऊक असते. म्हणजे गरिबाची जी खरीखुरी अडचण आहे, तिच्यावरच हा धंदा उभा आहे. आम्हाला ही गोष्ट साधी फसवणूक वाटत नाही. नव्याने बाजारात पाऊल ठेवणाऱ्या कष्टकरी माणसाकडून वसूल केलेला हा प्रवेशकर आहे.

आता त्या ३,६०० रुपयांचा हिशेब मांडू. अशी वॉरंटी शंभर जणांनी घेतली तर जमा होतात ३ लाख ६० हजार. त्यातला १८ टक्के जीएसटी वजा केला तर उरतात सुमारे ३ लाख ५ हजार. एका दुरुस्तीला सरासरी सहा हजार रुपये लागतात, असे विक्रेत्याच्याच तोंडचे मानू. तर हे सगळे पैसे दुरुस्तीवर खर्च व्हायला शंभरातले पन्नास टीव्ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात बिघडावे लागतील. इतके बिघडले तर ती कंपनी बाजारात राहील काय? बिघडत नाहीत, म्हणूनच हा धंदा फायद्याचा आहे. यंत्रशास्त्राचा सर्वसाधारण नियम असा, की इलेक्ट्रॉनिक वस्तूत मूळचा दोष असेल तर तो बहुधा पहिल्या काही महिन्यांत बाहेर पडतो आणि त्यानंतर थेट वस्तू जुनी होऊन झिजल्यावरच बिघाड वाढतात. पहिल्या काळात कंपनीची स्वतःची वॉरंटी असतेच. शेवटच्या काळात वाढीव वॉरंटी संपलेली असते. मधला जो बिनधोक काळ, तो विकत दिला जातो!

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही. ही वाढीव वॉरंटी बहुतेक वेळा कंपनीचे पहिले वर्ष संपल्यावर सुरू होते. पैसे मात्र आज घेतले जातात. म्हणजे जी सेवा बारा महिन्यांनी सुरू होणार, तिचे पैसे बारा महिने बिनव्याजी दुकानदाराकडे पडून राहतात. आणि ज्याने ते दिले तो मात्र त्याच पैशांचा हप्ता फायनान्स कंपनीला फेडत असतो. कंपनी फ्रीजच्या किंवा एसीच्या कॉम्प्रेसरवर अनेकदा दहा वर्षांची वॉरंटी आधीच देत असते. तोच कॉम्प्रेसर दाखवून पुन्हा भीती घातली जाते.

कागदावरचे बारीक अक्षर वाचले तर आणखी मौज आहे. विजेच्या दाबातील चढउताराने झालेला बिघाड, पाणी शिरणे, उंदीर-झुरळांनी वायर कुरतडणे, गंज, प्लॅस्टिकचे व रबराचे भाग, रिमोट, गॅस भरणे, यांतले काही ना काही अशा योजनांतून वगळलेले असते. आमच्या वस्त्यांतील वस्तू कशाने बिघडतात? विजेच्या चढउताराने आणि उंदरांनीच बिघडतात! जे होण्याची शक्यता सर्वांत जास्त, तेच नेमके वगळलेले. वॉरंटीला लागणाऱ्या पैशांपेक्षा कमी पैशांत एक बरा स्टॅबिलायझर येतो आणि तो काही वगळत नाही.

कागद कोणाचा आहे, हेही पाहिले पाहिजे. वस्तू एका कंपनीची, दुकान दुसऱ्याचे आणि वॉरंटी तिसऱ्याच संस्थेची, असे सर्रास असते. वस्तू बिघडल्यावर तिघे एकमेकांकडे बोट दाखवतात. दुकाने आणि कंपन्या अमर नसतात. ज्या व्हिडिओकॉनच्या टीव्हीने औरंगाबादचे नाव देशभर नेले, ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. शहराशहरांत मोठमोठी दालने उघडणारी फ्युचर रिटेल २०२२ मध्ये त्याच वाटेने गेली. तीन वर्षांच्या वायद्याचा कागद घेताना, हा वायदा पाळायला तिसऱ्या वर्षी कोण शिल्लक असेल, हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारला तर त्यात वावगे काही नाही.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला मालाची माहिती जास्त आणि घेणाऱ्याला कमी असली की बाजार कसा नासतो, हे त्यांनी जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले. त्याच निबंधात भारतातल्या सावकाराचाही दाखला आहे. या विषयावरील कामासाठी २००१ साली त्यांना दोन सहकाऱ्यांसह नोबेल मिळाले. या नासक्या बाजारावर उपाय म्हणून अकरलॉफ यांनी जी साधने सांगितली, त्यांत गॅरंटी हे एक आहे. ज्याला माल ठाऊक आहे त्याने जोखीम घ्यावी, म्हणजे ज्याला ठाऊक नाही तो निर्धास्त होईल, असा त्यातला साधा न्याय. आपल्या दुकानांनी हा न्याय उलटा केला. जी खात्री विकणाऱ्याने द्यायची, तीच वेगळी किंमत लावून विकायला काढली. शिवाय वस्तू किती बिघडतात याचा आकडा कंपनीकडे आहे, दुकानाकडे आहे. गिऱ्हाइकाला तो कधीच सांगितला जात नाही. सांगितले जाते ते फक्त 'पॅनल गेलं तर...'

सगळीच वाढीव वॉरंटी टाकाऊ असते, असा आमचा दावा नाही. वस्तू बनविणारी कंपनी स्वतः देत असेल, कोणते भाग धरले हे मराठीत लेखी असेल, किंमत माफक असेल, तर ज्याने त्याने विचार करावा. पण तो घरी बसून करावा. मूळ वॉरंटी संपण्याआधी केव्हाही वाढीव वॉरंटी घेता येईल, अशी सोय अनेक कंपन्या देतात. काउंटरवरची 'आत्ताच घ्या, नंतर मिळणार नाही' ही घाई म्हणूनच संशयास्पद आहे.

कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. एक वस्तू किंवा सेवा घेतल्याशिवाय दुसरी मिळणार नाही, अशी अट घालणे म्हणजे 'निर्बंधित व्यापारी प्रथा', असे त्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. म्हणजे 'वॉरंटी घ्या, तरच टीव्ही' हे वाक्य बेकायदेशीर आहे. वाढीव वॉरंटी ही टीव्हीचा भाग नसून वेगळी सेवा आहे, हे सरकारच्या कर विभागानेही मानले आहे. वस्तू विकणारा एक आणि वॉरंटी देणारा दुसरा असेल तर ती स्वतंत्र सेवा समजावी, असे २०२४ च्या जीएसटी परिपत्रकात स्पष्ट केले आहे. कर घेताना वेगळी आणि गळ्यात मारताना एकत्र, हे कसे चालेल?

ऑनलाइन दुकानांसाठी तर नियम अधिक कडक आहेत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी आधीच टिक केलेल्या चौकटीतून संमती घेण्यास मनाई केली. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा 'डार्क पॅटर्न' म्हणजे फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली. न विचारता टोपलीत वस्तू टाकणे, नको म्हणणाऱ्याला लाजविणे, खोटी घाई करणे, हे सगळे त्या यादीत आहे. आम्ही ती यादी वाचली तेव्हा कोणत्याही शोरूमचे वर्णन वाचत आहोत असेच वाटले. परंतु या मार्गदर्शक सूचना मुख्यतः मोबाइलच्या पडद्यावरील व्यवहारासाठी आहेत. पडद्यावरची टिक गुन्हा आणि काउंटरवर तोंडाने केलेली टिक धंद्याचे कौशल्य, असा हा न्याय आहे. जो ऑनलाइन घेतो तो बहुधा शिकलेला असतो. जो दुकानात जाऊन हप्त्याने घेतो त्याला संरक्षणाची गरज जास्त, आणि नेमके त्यालाच ते कमी.

हप्त्याचा भाग तर स्वतंत्रपणे तपासला पाहिजे. 'झिरो टक्के व्याज' नावाची गोष्टच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बजावले होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जदाराला 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाची सगळी मुख्य माहिती एका कागदावर, देणे बंधनकारक झाले. ती कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावी, त्यात नसलेला कोणताही आकार त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय घेऊ नये, आणि सात दिवस किंवा अधिक मुदतीच्या कर्जासाठी त्याला विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळावेत, असे हे नियम आहेत. तीन दिवस! आपल्या शोरूममध्ये आधार, पॅन, फोटो आणि चार ओटीपी यांत दहा मिनिटांत कर्ज पास होते. तो कागद आला तरी मोबाइलवर इंग्रजीत येतो आणि 'ओके' सेल्समनच दाबतो. नियम केवळ कागदावर असतात असेही नाही. हा माहितीचा कागद दिला नाही म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बजाज फायनान्सच्या दोन कर्जयोजना थांबविल्या होत्या, त्या मे २०२४ मध्ये पुन्हा खुल्या झाल्या. मनात आणले तर सरकारी यंत्रणा काय करू शकते, हे त्यातून दिसते. वॉरंटीची रक्कम कर्जात मिसळताना कर्जदाराची वेगळी सही घेतली काय, एवढी एक तपासणी केली तरी निम्मी लूट थांबेल.

आता काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या तरुणाकडे पाहू. तो कोण आहे? बी.ए., बी.कॉम. झालेला, नोकरभरती निघत नाही म्हणून वाट पाहून थकलेला, एजन्सीमार्फत कंत्राटावर लागलेला आमचाच मुलगा आहे. दिवसभर उभे राहायचे, सणासुदीला सुट्टी नाही आणि महिन्याला इतक्या वॉरंटी विकल्याच पाहिजेत असे टार्गेट. मूळ पगार तोकडा, उरलेले इन्सेन्टिव्हवर. टार्गेट चुकले तर पुढच्या महिन्यात दुसरा येतो. म्हणून तो घसा कोरडा पडेपर्यंत भीती विकतो. एका वस्तीतला मुलगा दुसऱ्या वस्तीतल्या मावशीला गळ घालतो आणि दोघांच्या घामाचा पैसा वरच्या मजल्यावर जातो. त्या मुलाशी भांडून काही साधणार नाही. त्याला शांतपणे 'नको' म्हणावे आणि 'घ्यावीच लागेल' असे म्हटले तर 'तसे बिलावर लिहून दे' एवढेच सांगावे. लिहून कोणी देत नाही.

इंग्लंडमध्ये हाच धंदा इतका माजला होता, की तेथील स्पर्धा आयोगाने चौकशी करून २००३ साली अहवाल दिला आणि २००५ मध्ये सरकारी आदेश निघाला. वॉरंटीची किंमत वस्तूच्या किमतीजवळच लिहून लावायची, सांगितलेली किंमत गिऱ्हाइकासाठी ३० दिवस खुली ठेवायची आणि वॉरंटी घेतल्यावर ४५ दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मिळविण्याचा हक्क द्यायचा. आपल्याकडेही आयुर्विमा किंवा आरोग्य विमा घेतला तर ३० दिवसांत तो परत करता येतो, असा नियम २०२४ मध्ये झाला. मग विम्याचीच धाकटी बहीण असलेल्या वाढीव वॉरंटीला हा नियम का नाही? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२४ मध्ये कंपन्यांना बोलावून, वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून न धरता यंत्र बसविल्याच्या तारखेपासून धरा, असे सुचविले. सूचना रास्तच आहे. पण सूचनेने धनदांडगे ऐकत नाहीत, त्यासाठी आदेश लागतो.

ग्राहक चळवळीबद्दलही बोलले पाहिजे. महाराष्ट्र हे तिचे माहेरघर म्हणतात. पुण्यात १९७४ मध्ये आणि मुंबईत १९७५ मध्ये ग्राहक पंचायती उभ्या राहिल्या, त्यांनी कामही केले. परंतु ही चळवळ मध्यमवर्गीय सोसायट्यांच्या फाटकाबाहेर फारशी आली नाही, हे आमचे निरीक्षण आहे. वस्तीतल्या बाईला रेशन दुकानदाराशी भांडता येते, कारण तिथे तिचा हक्क काय हे तिला कुणीतरी सांगितले आहे. वातानुकूलित शोरूममध्ये मात्र ती दबून बोलते. आमच्या मंडळांनी, महिला बचत गटांनी, विहारांतून चालणाऱ्या अभ्यासिकांनी हा विषय हाती घ्यायला काय हरकत आहे? बिल वाचायला शिकविणे हेही शिक्षणच आहे.

ज्यांच्या गळ्यात अशी वॉरंटी आधीच मारली गेली आहे, त्यांनी बिल, कर्जाचा कागद आणि वॉरंटीचा कागद जपून ठेवावा. आधी दुकानाला लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. हा फोन मराठीतही करता येतो. तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. नव्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर एक रुपयाही फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायद्यात लिहिले आहे; प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, हेही सांगितले पाहिजे. पण तीन-साडेतीन हजारांच्या वॉरंटीसाठी आयोगाची नोटीस आली, तर पहिल्या तारखेच्या आतच पैसे परत करणे दुकानदाराला स्वस्त पडते.